डिझेल गाडीच्या इंजिनातील ऑइलची पातळी वाढू लागली तर काय करावे

डिझेल गाडी वापरणाऱ्याला इंजिन ऑइल कमी झाल्याची भीती असते, वाढल्याची नसते. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची खुणांची पट्टी, ओढून पाहिली आणि ऑइल कमाल खुणेच्या जरा वर दिसले, तर ‘भरपूर आहे’ असे म्हणून बॉनेट लावून टाकणारे अनेक जण मी पाहिले आहेत, आणि काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलाच एक होतो. परंतु ऑइल आपोआप कधीच वाढत नाही. गवळ्याच्या कॅनमधले दूध वाटेत वाढले, तर त्यात काय मिसळले हे विचारावे लागते. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या चेंबरमधल्या ऑइलचेही तसेच आहे. आजच्या डिझेल गाडीत मिसळलेला हा पदार्थ बहुतेक वेळा डिझेलच असतो, आणि तो वेळीच ओळखला नाही तर धडधाकट दिसणारे इंजिन एके दिवशी रस्त्यातच सीझ होऊ, म्हणजे आतून जाम होऊन बसू, शकते.

डिझेल ऑइलमध्ये पोहोचते कसे, हे समजल्याशिवाय पुढील सूचनांचा अर्थ लागणार नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराची बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, बसवणे जवळजवळ अपरिहार्य झाले. या गाळणीत साठलेली काजळी ठरावीक काळाने जाळावी लागते, त्यालाच रीजनरेशन म्हणतात. काजळी जळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि शहरात रमतगमत चालणाऱ्या गाडीच्या धुरात इतकी उष्णता नसते. म्हणून इंजिनाचा संगणक सिलिंडरमधले मुख्य ज्वलन होऊन गेल्यानंतर, पिस्टन खाली जात असताना, थोडे जादा डिझेल फवारतो. हे डिझेल सिलिंडरमध्ये न जळता धुराबरोबर बाहेर पडावे, डीपीएफच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये त्याचे ऑक्सिडीकरण व्हावे आणि त्या उष्णतेने गाळणीतली काजळी पेटावी, अशी ही योजना आहे. मात्र त्या क्षणी बोअरची, म्हणजे सिलिंडरच्या आतली, भिंत बरीचशी उघडी पडलेली असते. फवाऱ्यातला काही अंश तिच्यावर बसतो आणि पिस्टनच्या रिंगा तो खरवडून खाली चेंबरमध्ये नेतात.

पेट्रोल ऑइलमध्ये मिसळले तर इंजिन पुरेसे गरम झाल्यावर त्याचा बराच भाग वाफ होऊन निघून जातो. डिझेलचे तसे होत नाही. त्याचा उत्कलनाचा पल्ला साधारण १८० ते ३६० अंशांचा आहे, आणि चेंबरमधले ऑइल नेहमीच्या वापरात ९० ते ११० अंशांच्या आसपास राहते. त्यामुळे एकदा खाली गेलेले डिझेल बहुतांशी तिथेच राहते, आणि पुढच्या प्रत्येक रीजनरेशनमध्ये त्यात भर पडते. म्हणूनच टोयोटाच्या काही डिझेल इंजिनांत या कामासाठी धुराच्या मार्गावर स्वतंत्र इंजेक्टर दिलेला असतो, जेणेकरून जादा डिझेल सिलिंडरमध्ये जाऊच नये. प्यूजो कंपनीने २००० साली ६०७ या मोटारीत डीपीएफ आणला, तेव्हा डिझेलमध्ये सिरियमयुक्त द्रव मिसळून काजळी कमी तापमानाला जाळण्याची वाट धरली होती. बहुसंख्य गाड्यांत मात्र सिलिंडरमध्येच उशिरा फवारा मारण्याची पद्धत आहे.

रीजनरेशन सुरू झाले आणि शेवटपर्यंत पार पडले, तर खाली जाणारे डिझेल थोडे असते आणि ऑइल बदलण्याच्या ठरलेल्या मुदतीत ते गृहीत धरलेले असते. खरी अडचण अर्धवट सुटलेल्या रीजनरेशनची आहे. कोथरूडहून डेक्कनला किंवा दादरहून परळला रोज पाच किलोमीटर जाऊन गाडी बंद करणाऱ्याच्या गाडीत काजळी जमते, संगणक ती जाळायला घेतो, गाळणी तापू लागते आणि तेवढ्यात किल्ली फिरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा जादा डिझेल आणि पुन्हा अपुरे काम. काजळी जागच्या जागी राहते आणि चेंबरमधली पातळी चढत जाते.

यातून इंजिन निकामी कसे होते

नुकसान दोन वाटांनी होते. पहिली वाट पातळ झालेल्या ऑइलची आहे. ऑइलच्या दाटपणाच्या एसएई वर्गीकरणानुसार ‘३०’ दर्जाच्या ऑइलची विस्निग्धता, म्हणजे दाटपणा, १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असावी लागते, तर डिझेलची विस्निग्धता ४० अंशांनाच २ ते ४.५ सेंटिस्टोक्स असते. पाच लिटर ऑइलमध्ये अर्धा लिटर डिझेल उतरले, तर मिश्रणात त्याचे प्रमाण सुमारे नऊ टक्के होते आणि ऑइल आपल्या दर्जाच्या खाली घसरते. पिस्टनच्या जोराने फिरणारा क्रँक आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पापुद्रा, ज्याच्यावर सगळे वजन तोललेले असते, तो विरळ होतो आणि धातू धातूला लागू लागतो. मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेणाऱ्या, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या शाफ्टला तर त्याची झळ फार लवकर पोहोचते. ऑइल पातळ झाले की दाबही उतरतो. पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब अगदीच खाली आल्यावर लागतो, आणि तोपर्यंत बेअरिंगची झीज सुरू झालेली असते.

दुसरी वाट निव्वळ पातळीची आहे. ऑइल फार वर चढले की फिरत्या क्रँकचे भाग त्यात आपटू लागतात, ऑइल घुसळले जाऊन त्याला फेस येतो आणि ऑइल पंप ऑइलऐवजी फेस ओढू लागतो. त्याच वेळी चेंबरमधील वाफा इनटेककडे नेणाऱ्या नळीवाटे ऑइलचे थेंब इंजिनाच्या हवेत शिरतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. जळण्यासारखे काही आत आले की ते जाळते. ऑइल पुरेशा प्रमाणात आत आले, तर इंजिन त्याच्यावरच धावू लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही.

पातळी नेमकी कशी पाहावी

गाडी सपाट जागेवर उभी करावी. सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमध्ये घेतलेले माप निरुपयोगी असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन गरम असताना पाहावे की थंड असताना, हे लिहिलेले असते, आणि तेच पाळावे. सर्वसाधारणपणे गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर ऑइल खाली निथळलेले असते. डिपस्टिक काढून स्वच्छ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी, पुन्हा काढावी आणि दोन्ही बाजू पाहाव्यात. दोन बाजूंना वेगळी पातळी दिसली, तर जी खालची ती खरी मानावी आणि एकदा पुन्हा मोजावे.

इथे एक बारकावा आहे. ऑइल तापले की प्रसरण पावते. पाच लिटर ऑइल ६० अंशांनी तापले तर त्याचे आकारमान सुमारे ०.२ लिटरने वाढते, आणि डिपस्टिकवर ते काही मिलिमीटर दिसते. म्हणून एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि पुढच्या वेळी महामार्गावरून आल्यावर मोजले, तर नसलेली वाढ दिसेल किंवा असलेली झाकली जाईल. दर वेळी एकाच स्थितीत मोजावे आणि तारीख, किलोमीटर व पातळी डायरीत लिहावी. मी डिपस्टिकचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो. ऑइल बदलल्यानंतर लगेच पहिली नोंद घ्यावी, कारण पुढच्या सगळ्या नोंदींची तुलना तिच्याशीच करायची असते. त्यानंतर शहरात चालणाऱ्या गाडीसाठी दर पंधरा दिवसांनी एकदा पाहणे पुरेसे आहे.

ही पहिली नोंद किती महत्त्वाची आहे, हे मला माझ्याच गाडीने शिकवले. एका सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्या दिवशी पातळी कमाल खुणेच्या बोटभर वर दिसली आणि मी डीपीएफ बिघडला असे समजून घाबरलो. प्रत्यक्षात जुने ऑइल पुरते निथळण्याआधीच नव्या ऑइलचे पूर्ण कॅन ओतले गेले होते. सर्व्हिस सेंटरमधून गाडी ताब्यात घेतानाच डिपस्टिक पाहिली असती, तर दोन रात्रींची झोप वाचली असती.

पातळी स्थिर आहे म्हणजे सर्व ठीक आहे, असेही समजू नये. जुने इंजिन थोडे ऑइल जाळते आणि तितकेच डिझेल खाली उतरत असेल, तर डिपस्टिक महिनोन्‌महिने एकच आकडा दाखवते आणि ऑइल मात्र पातळ होत जाते. पूर्वी हजार किलोमीटरला थोडे ऑइल खाणारी गाडी अचानक ऑइल खाणे बंद करते, तेव्हा आनंद मानण्याऐवजी ऑइलचा वास घ्यावा.

मिसळले आहे ते डिझेल की आणखी काही

वास ही पहिली परीक्षा आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पंपावरचा डिझेलचा उग्र वास येत असेल, तर शंका पक्की धरावी. रंगावरून काही कळत नाही. डिझेल इंजिनातले ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते आणि तो त्याचा दोष नव्हे. दुसरी परीक्षा कागदाची आहे. टीपकागदावर किंवा कॉफीच्या गाळणकागदावर एक थेंब वापरलेल्या ऑइलचा आणि शेजारी एक थेंब त्याच प्रकारच्या नव्या ऑइलचा टाकून दोन-तीन तास ठेवावे. डिझेल मिसळलेल्या थेंबाभोवती फिकट, पारदर्शक आणि रुंद कडे पसरते. ही घरगुती चाचणी आहे, तिच्यावरून टक्केवारी सांगता येत नाही. नेमके प्रमाण हवे असेल तर ऑइलची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा.

ऑइल कॉफीत दूध घातल्यासारखे दिसत असेल, फिलर कॅपच्या आत पिवळसर साय जमली असेल आणि कुलंटची टाकी उतरत असेल, तर ते डिझेल नसून पाणी आहे. हेडगॅसकेट किंवा ऑइल कूलर गळत असल्याची ती खूण असते आणि अशी गाडी चालवत नेऊ नये. केवळ कॅपखाली थोडी साय असेल आणि कुलंट जागच्या जागी असेल, तर ती बहुधा पावसाळ्यात किंवा थंडीत छोट्या फेऱ्यांमुळे साचलेली वाफ असते.

डिझेलच आहे असे ठरले, तरी ते रीजनरेशनमधूनच आले असेल असे नाही. गळका इंजेक्टर इंजिन चालू असेपर्यंत सतत जादा डिझेल सोडतो. अशा वेळी पातळी आठवड्यांत नव्हे तर दिवसांत चढते, आणि सोबत थरथर, सकाळी पांढरा धूर किंवा एका सिलिंडरचा वेगळा ठोका जाणवतो. काही इंजिनांत हाय-प्रेशर पंपाचे सील गेल्यानेही डिझेल थेट चेंबरमध्ये जाते. हळूहळू चढणारी पातळी आणि सुरळीत चालणारे इंजिन ही जोडी मात्र बहुतेक वेळा डीपीएफकडे बोट दाखवते.

वाढलेली पातळी आढळल्यावर

कमाल खुणेच्या वर दोन-तीन मिलिमीटर ही घाबरण्याची बाब नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच स्थितीत पुन्हा मोजावे. वाढ त्याहून अधिक असेल आणि ऑइलला डिझेलचा वास असेल, तर गाडी जोरात पळवू नये, लांबचा प्रवास काढू नये आणि विशेषतः ‘हायवेवर एक चक्कर मारून या, डीपीएफ साफ होईल’ हा सल्ला त्या क्षणी मानू नये. तो सल्ला चुकीचा नाही, पण त्याची वेळ ऑइल बदलल्यानंतरची आहे. पातळ ऑइल आणि चढलेली पातळी घेऊन इंजिनावर भार टाकणे, हीच सर्वांत धोक्याची कृती आहे. पातळी बोटभर किंवा अधिक चढलेली असेल तर इंजिन सुरूच करू नये. गाडी टो करून न्यावी.

माझदा कंपनीच्या काही डिझेल गाड्यांच्या डिपस्टिकवर कमाल खुणेच्याही वर ‘एक्स’ अशी आणखी एक खूण असते, आणि ऑइल तिथवर आले की ते बदलावे असे कंपनीच सांगते. ब्रिटनमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात अशी जुनी गाडी घेणाऱ्या मराठी वाचकांनी ही खूण आवर्जून पाहावी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांवर अशी खूण नसते, म्हणून निर्णय स्वतःच घ्यावा लागतो.

जादा झालेले ऑइल सिरिंजने किंवा नट सैल करून काढून टाकावे आणि पातळी खुणेवर आणावी, असा सोपा उपाय अनेक मिस्त्री सुचवतात. नवे ऑइल चुकून जास्त ओतले गेले असेल, तर तो उपाय अगदी योग्य आहे. डिझेल मिसळून पातळी वाढली असेल, तर मात्र त्याने काहीच साधत नाही, कारण उरलेले ऑइल तितकेच पातळ राहते आणि डिपस्टिक पाहून आपली खोटी समजूत होते. अशा वेळी सगळे ऑइल काढून, फिल्टर बदलून, नवे भरावे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला दर्जाच घ्यावा. डीपीएफ असलेल्या अनेक गाड्यांना कमी राख सोडणारे ऑइल लागते, ज्याच्या डब्यावर एसीईए या युरोपीय दर्जाचे सी२, सी३ असे काही लिहिलेले असते. नुसते ‘५डब्ल्यू-३०’ जुळले म्हणजे झाले असे नाही. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची बसते, गाळणीची क्षमता घटते आणि रीजनरेशन आणखी वारंवार होऊ लागते.

गाडी वॉरंटीत असेल तर हे सर्व तोंडी सांगून थांबू नये. तारखेनुसार घेतलेल्या नोंदी आणि फोटो दाखवावेत आणि ‘ऑइलची पातळी वाढते’ ही तक्रार जॉब कार्डावर याच शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिलेले कार्ड पुढे उपयोगी पडत नाही.

मूळ कारणापर्यंत जाणे

ऑइल बदलल्याने इंजिन वाचते, पण कारण तसेच राहते. स्कॅनरवर दोन आकडे पाहायला सांगावेत: शेवटच्या रीजनरेशननंतर किती किलोमीटर झाले आणि मागची रीजनरेशन पूर्ण झाली होती की अर्धवट सुटली होती. ज्यांना रस आहे त्यांनी गाडीच्या संगणकाला जोडायचे स्वतःचे ओबीडी ॲडॅप्टर आणि मोबाइलवरचे ॲप वापरले तरी चालते, मात्र प्रत्येक गाडीचे आकडे प्रत्येक ॲपमध्ये दिसत नाहीत. दोन रीजनरेशनमध्ये नेहमी काही शे किलोमीटर जात असतील आणि आता शंभराच्या आतच ती होऊ लागली असेल, तर केवळ वाहतुकीला दोष देऊन भागणार नाही.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, हा आहे. तो उघडाच अडकला की इंजिन पुरेसे गरम होत नाही, रीजनरेशनला लागणारी स्थिती जमत नाही आणि काजळीही जास्त होते. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा खाली राहतो एवढीच त्याची खूण असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. डीपीएफच्या आधीचा व नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी चिरलेली किंवा तुंबलेली असेल, तर संगणकाला काजळीचा अंदाज चुकीचा मिळतो. थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अडकलेला असणे, टर्बोपासून निघणारा फाटलेला होज, तुंबलेला एअर फिल्टर आणि बिघडलेला तापमान सेन्सर हे सगळे एक तर काजळी वाढवतात किंवा ती जळू देत नाहीत. हे तपासल्याशिवाय थेट महागडा डीपीएफ बदलायला निघालेल्या वर्कशॉपला दोन प्रश्न जास्तच विचारावेत.

गाळणी आतून पोखरून टाकणे आणि संगणकातून तिचे नाव पुसणे, हा उपायही बाजारात उघडपणे मिळतो. त्याने रीजनरेशन थांबते हे खरे. परंतु निर्मात्याने दिलेल्या रचनेत असा बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ परवानगी देत नाही, आणि ती काजळी पुढे आपल्याच गल्लीतल्या लोकांच्या छातीत जाते.

रोजच्या चालवण्यात

रीजनरेशन चालू असल्याचे बहुतेक गाड्या स्पष्ट सांगत नाहीत, पण खुणा ओळखता येतात. उभ्या गाडीतही इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा थोडे चढे राहतात, ताजे ॲव्हरेज एकदम घसरते, स्टार्ट-स्टॉप काम करेनासे होते आणि गाडी बंद केल्यावरही पंखा जोराने फिरत राहतो. जवळून गेल्यास तापलेल्या धातूचा वास येतो. या खुणा दिसल्या की घर आले म्हणून लगेच किल्ली काढू नये. आणखी दहा-पंधरा मिनिटे, शक्यतो अखंड वेगाने, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास राहील असा एक गिअर खाली ठेवून गाडी चालवावी. जागेवर उभे राहून रेस देण्यापेक्षा हे चांगले. गाडी त्या वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर उभी करू नये, कारण सायलेन्सर नेहमीपेक्षा फार गरम असतो.

शहरातच वापर असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्याची फेरी ठेवावी. पुण्याहून साताऱ्याच्या किंवा नाशिकच्या दिशेने पहाटे निघाले तर ते साधते. घाट उतरताना मात्र काही उपयोग होत नाही, कारण तेव्हा इंजिनावर भार नसतो आणि गाळणी उलट थंड होते. ऑइल बदलण्याची मुदतही किलोमीटरवर न ठेवता, अशा गाड्यांसाठी कंपनीच्या कमाल मुदतीच्या निम्मी धरावी. आणि ज्याचा रोजचा प्रवास खरोखरच पाच-सात किलोमीटरचा आहे, त्याने पुढची गाडी डिझेलची घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिन बंदच होईना तर

किल्ली बंद केल्यावरही इंजिन चढत्या आवाजाने धावत असेल आणि मागून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट येत असेल, तर विचार करायला काही सेकंदच असतात. गाडी मॅन्युअल असेल तर उभ्या स्थितीत हँडब्रेक ओढावा, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा, सर्वांत वरचा गिअर टाकावा आणि क्लच झटकन सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडते. पुढे माणूस किंवा भिंत नाही याची खात्री आधी करावी. ऑटोमॅटिक गाडीत हा मार्ग नसतो. अशा वेळी सर्वांना उतरवून दूर जावे आणि बॉनेट उघडून हाताने हवेची नळी बंद करण्याचा प्रयत्न करू नये, कारण तशा वेगाने फिरणारे इंजिन फुटून तुकडे बाहेर येऊ शकतात. थांबलेले इंजिन ‘सुरू होते का पाहू’ म्हणून पुन्हा सुरू करू नये.

जुनी बीएस-६ डिझेल गाडी विकत घेताना टायर आणि रंगाच्या आधी डिपस्टिक ओढावी. पातळी कमाल खुणेच्या वर असेल, ऑइलला डिझेलचा वास असेल आणि विकणारा ‘कालच ऑइल टाकले आहे’ म्हणत असेल, तर ऑइल बदलल्याचे बिल मागावे, आणि बिल नसेल तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.